पिठ्ठूतून काढलेली भाकरी

गावात मला शहाणी म्हणतात. चौथीपर्यंत शिकले, निम्म्या बायकांची पत्रं मीच लिहिते, आणि कुणी वाकडं बोललं तर त्याला जागच्या जागी सरळ करते. जळो ते शहाणपण. सत्तेचाळीस सालच्या दिवाळीत मी काय करून बसले ते सांगते. मधे बोलू नका, बोललात तर पुढचं सांगायचा धीर राहणार नाही.

आमचे मालक फौजेत नाईक. नाव मी घेत नाही, गाव त्यांना सयाजी म्हणतं. त्यांच्याच पलटणीत आमच्या आळीतला जोतिबा. हा हरणाबाईचा एकुलता एक. बाप लहानपणीच गेलेला. त्रेचाळीस साली पोरगं आईला न विचारता साताऱ्याला गेलं आणि भरती होऊन आलं. हरणाबाई खुरपणीवरून आली तर हा दारात टोपी घालून उभा. ती म्हणाली, आता माझ्या हातची भाकरी पुन्हा मागू नको. तो तसाच उपाशी निघून गेला. एकदा सुटीवर आला तेव्हा आमच्यात जेवला आणि देवळात निजला. मायलेक एकाच आळीत, पण दोघांची नजर दोन दिशेला. एकानं नमतं घ्यावं एवढंच राहिलं होतं, आणि घेत कुणी नव्हतं.

दिवाळीला मालक घरी होते, तोवर तार आली की ताबडतोब हजर व्हा. पाठोपाठ मित्राचं पत्र आलं, की जम्मूपासून वर लढाईच्या जागी विमानानं न्यायचंय. उड्डाण तासाभराचंच, पण सामान मोजून घेतात. पाठीवरची एक लहान थैली, जिला फौजी लोक पिठ्ठू म्हणतात, तेवढीच बरोबर. ती बाकाखाली सरकली पाहिजे आणि वजन दहा शेराच्या आत पाहिजे. ट्रंक खालीच ठेवायची.

घरात दोन थैल्या होत्या. एक सरकारी खाकी, एक मालकांनी पुण्याहून आणलेली, चांगल्या जाड कापडाची, तिला बाहेरून दोन खिसे. मालक म्हणाले, बाक जमिनीपासून दीड वीत असेल. मी बाजल्याखाली विटा रचून तेवढीच फट केली आणि दोन्ही थैल्या सरकवून बघितल्या. पुण्याची अडकली, खिशांमुळं. मग खाकीच घेतली. मालक हसायला लागले, म्हणाले सुभेदार तुलाच करायला पाहिजे. मी लय फुगले.

आता आमच्याकडची रीत अशी, की एक जवान सुटीवरून निघाला की गावातली सगळी घरं आपापल्या पोरासाठी काहीबाही देतात. नाही म्हणायची सोय नाही. त्याच पलटणीतल्या गुंडाच्या घरून चटणी आली, नाथाजीच्या घरून शेंगदाण्याची पोळी. पत्रातलं दहा शेराचं मी सगळ्यांना सांगितलं होतं, म्हणून जो तो मूठभरच घेऊन आला.

शेवटी हरणाबाई आली. पदराखालून एक पुरचुंडी काढली. आत ज्वारीची एकच कडक भाकरी, पातळ, पापडासारखी भाजलेली. ही महिनाभर टिकते. मी ती दोन्ही हातांनी घेतली. ती म्हणाली, "शालू, एवढीच हाय. काय सांगाया नगं. बघितली की त्याला कळंल." आणि ओटीवर न टेकता गेली. चार वर्षांनी त्या बाईनं नमतं घेतलं होतं. मला ते कळलं होतं बरं का. न कळून केलं असतं तर आज एवढी तोंड लपवत फिरले नसते.

पिठ्ठू भरला. खाली बनियन, लोकरी मोजे, मधे चटणी अन् पोळी, वर भाकरी, आणि उरलेल्या जागेत मी केलेले डिंकाचे लाडू, एकवीस. जैनुद्दीनच्या दुकानात ताजव्याला लावला तर पाव शेर जास्त. जैनुद्दीन म्हणाला, पाच लाडू काढा वहिनी, बसतंय. पण ते लाडू विमानात उघडायचे होते. चार जवानांनी खाऊन म्हणायचं होतं, की नाईकाची बायको सुगरण आहे. घरी येऊन मी मोजे काढून बघितले, परत घातले. बनियन काढून बघितलं. लाडवाला हात लावायचं काही मनात येईना. मग भाकरी काढली. तिचं वजन ते काय! पण ती मोडू नये म्हणून खाली पितळी ताटली ठेवली होती, ती निघाली आणि पिठ्ठू बरोबर दहा शेरात बसला. मनात म्हटलं, भाकरीचं मालकांना तोंडी सांगते, ते जोतिबाला सांगतील. काम तेच.

पहाटे मोटार गाठायची गडबड. चहा, ओवाळणं, सासूबाईंचं रडणं. सांगायचं राहून गेलं. दोन दिवसांनी भाकरी कोनाड्यात दिसली. आता कुणाला दिसायला नको म्हणून मी ती आंबोणात भिजवून म्हशीला घातली.

मालकांचं पत्र आलं, सुखरूप पोचलो. लाडू लय चांगले झाले. गुंडा, नाथाजी आपापलं घेऊन गेले. जोतिबा पिठ्ठू रिकामा होईपर्यंत शेजारी उभा होता. मग विचारलं, आईनं काय दिलं का? मी नाही म्हणालो. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

एवढं वाचून तरी मी उलट टपाली खरं लिहायचं की नाही? नाही लिहिलं. काय लिहू? हरणाबाई वाटेत भेटली की विचारायची, पोचली का गं? आणि मी म्हणायचे, व्हय आत्ती, पोचली. सव्वा वर्ष मी हे बोलत होते. तिला बघून मी पाणवठ्याची वाट बदलायला लागले.

एकोणपन्नासच्या पौषात लढाई थांबली आणि माघात सुट्या सुरू झाल्या. पहिली पाळी जोतिबाची होती. आला मात्र गुंडा. म्हणाला, जोतिबानं त्याची पाळी मला दिली, म्हणाला गावात माझं कोण वाट बघतंय?

दुसऱ्या दिवशी हरणाबाई कार्ड घेऊन माझ्याकडं आली. रडत नव्हती. म्हणाली, लिही. मी दौत उघडली. ती सांगू लागली, "माझी भाकरी खाऊनबी तू आला न्हाईस. आता येऊ नगंस. मी मेले तरी येऊ नगंस."

'माझी भाकरी' एवढं लिहून माझा हात थांबला. दौत बाजूला सारली आणि सगळं सांगितलं. लाडवाचं, ताटलीचं, म्हशीचंसुद्धा. तिनं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होते. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्हशीला घातलीस व्हय." आणि म्हणाली, "ह्येच लिही. तुज्या नावानं."

आता जोतिबाला अक्षर येत नाही. त्याची पत्रं वाचून दाखवणार आमचे मालक, आणि तिथं एकाचं पत्र दहा जण ऐकतात. हे ठाऊक असून मी लिहिलं, आणि हरणाबाईला वाचून दाखवलं.

वीस दिवसांनी मालकांचं कार्ड आलं. तीनच ओळी. पत्र वाचलं. जोतिबा पुढच्या आठवड्यात निघतोय. तुझं नाव वाचलं नाही, भाकरी मीच काढली असं वाचलं, तू कुठं बोलू नको.

ते वाचून मी परसात जाऊन बसले. सबंध पलटणीसमोर एका आईची भाकरी टाकणारा माणूस म्हणून आता हे उभे राहिले होते, माझ्या एकवीस लाडवांपायी. त्यांनी चार ओळी रागावून लिहिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

जोतिबा आला. आईच्या घरी उतरला. तो जेवून ओट्यावर आला तेव्हा मी पदर सावरून समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, भावजी, तुमच्या दादानं खोटं वाचलं. भाकरी मी काढली होती.

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं आता बोल लावील.

"ठावं हाय वैनी," तो म्हणाला. "दादाला खोटं वाचता येत न्हाई. आमी समदी तवाच समजलो. दादाला वाईट वाटंल म्हणून कोण काय बोललं न्हाई."

मी तशीच घरी आले आणि म्हशीला पाणी दाखवलं.