काळी म्हैस, काळा गोठा आणि माझा मोबाईल

गेल्या दिवाळीत मी सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या गॅलरीतल्या आकाशकंदिलाचा फोटो टाकला. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "अगं, कसली भाजी आहे ही?" झालं! त्या रात्री मी जेवले नाही म्हणा ना. मोबाईल नवा, कॅमेरा म्हणे भारी, आणि अंधार पडला की माझे फोटो म्हणजे नुसता चिखल. मग महिनाभर कॉलनीतल्या दिव्यांवर, मांजरांवर आणि माझ्या नवऱ्यावर, म्हणजे सुधीरवर, सराव केला. सुधीर शाळेत गणित शिकवतो आणि स्वभावाने शंकासूर आहे. "पुण्यात अंधार आहेच कुठे? अंधारात फोटो काढायचे तर अंधाराच्या गावी जायला हवं," असं तो सहज म्हणाला आणि अडकला. जानेवारीतली अमावस्येजवळची सुट्टी बघून मी वेल्हे-भोरचा बेत पक्का केला.

शनिवारी जेवून निघालो. सातारा रस्त्याने नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की गर्दी मागे राहते. रस्ता बरा आहे, मधूनमधून खड्डे आहेत, घाई करू नका. वेल्ह्यात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि तोरणा समोर उभा होता. तुम्हीही संध्याकाळी साडेपाचच्या आत पोचा, कारण सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सोन्याची असतात. आभाळ निळं असतं, दुकानांत दिवे लागलेले असतात आणि मोबाईलला दोन्ही झेपतं. पूर्ण काळोख झाल्यावर फोटो काढायला बसणं हा माझा इतक्या वर्षांचा गाढवपणा होता.

एसटी स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर एकच पिवळा बल्ब होता आणि पातेल्यातून वाफ येत होती. मी आधी ओढणीने लेन्स पुसली. हसू नका, निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाने येतात. मोबाईल बाकाला टेकवला, वाफेवर बोट ठेवलं आणि बोट खाली सरकवून उजेड कमी केला. मोबाईलला रात्रीचा दिवस करायची फार हौस असते, ती आपण मोडायची.

टपरीवाले दादा बराच वेळ बघत होते. "ताई, दुसरा बल्ब लावू का? हितं दिसत न्हाई काय."

"नको हो दादा, एकच पुरे."

ते शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "अंधारात फोटू काढायचा आन् उजेड नको म्हंत्यात. मानसं बी एकेक!" सुधीर इतका हसला की चहा सांडला. पण फोटो झक्कास आला आणि दादांनी तो लगेच स्वतःच्या मोबाईलवर मागून घेतला.

रात्री गुंजवण्याला एका घरी मुक्काम केला. राजगडला जाणारे लोक उतरतात, तशी बरीच घरं आहेत. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर ताक. माणशी दोनशे-अडीचशेत पोट तुडुंब भरतं. जेवल्यावर घरधनी आम्हाला धरणाच्या पाण्याकडे घेऊन गेले. चांदण्या अशा की सुधीरच्याही शंका संपल्या. मोबाईल दगडावर ठेवला, तीन सेकंदांचा टायमर लावला, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. घरधनी अंधारात पाण्याकडे हात करून म्हणाले, "तकडं आमची भाताची खाचरं व्हती. आता समदं पान्यात. येईल का फोटूत?" मी म्हटलं, पाणी येईल. ते म्हणाले, "मग घ्या तेवढंच."

दुसऱ्या दिवशी भोरला आलो. पेट्रोल इथेच भरून घ्या आणि घरी काय ते फोन करून घ्या, कारण पुढे रेंज लहरी आहे. भोरहून वरंध घाटाकडे निघालं की नीरा-देवघरचं पाणी बराच वेळ सोबत असतं, आणि मग हिर्डोशी. एसटी येते, पण तिच्या भरवशावर राहू नका. आमचा बेत फक्त तिथे चहा प्यायचा आणि कुठल्यातरी टेकाडावर रात्री तारे टिपायचे, एवढाच होता.

चहाच्या दुकानात सखू भेटली. असेल तिशीची. किराणा घ्यायला आली होती. मी सुधीरला कालचे फोटो दाखवत होते, ते ती मागून वाकून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"ताई, अंधारात एवढं सपष्ट येतं? मग आमच्या आत्याबाईंच्या म्हशीचा काढाल का?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू, ठकूबाई. वर डोंगरात धनगरवाड्यावर एकट्याच राहतात. एकेकाळी पंधरा म्हशी होत्या, आता एकच उरली, चंदरी. ठकूबाईंचे गुडघे गेले, म्हणून मुलाने आणि सखूने त्यांना खाली हिर्डोशीत आणायचं ठरवलं होतं. चंदरी भोरजवळ ठकूबाईंच्या बहिणीच्या मुलाकडे जाणार होती. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळीच रस्त्यावर येणार होता, त्यामुळे उजाडायच्या आत तिला डोंगर उतरवायचं होतं. आणि म्हस दिवसभर रानात, अंधार पडताना घरी.

"आत्याबाई आठ दिस झालं म्हंत्यात, माझा आन् तिचा एक तरी फोटू पायजे. माझ्या मोबाईलवर नुसतं काळं येतंय. म्हस बी काळी, गोठा बी काळा," सखू म्हणाली.

सुधीर माझ्या कानात पुटपुटला, "आकाशकंदिलाची भाजी केलीस, म्हशीचं काय करशील?" मी त्याला चिमटा काढला आणि सखूला हो म्हटलं.

सखूच्या मागोमाग निघालो. तासभर चढ आहे. पायवाट नीट आहे, पण दोन बाटल्या पाणी घ्याच. पोचलो तेव्हा चंदरी नुकतीच रानातून आली होती. धिप्पाड, काळीकुळकुळीत, आणि कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. ठकूबाई बारीकशा, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. "या. पानी घ्या. आधी धार काढती, मग बोलू."

आणि इथे मी माती खाल्ली. त्या धारेला बसल्या, मी घाईघाईने मोबाईल काढला आणि फ्लॅश बंद करायला विसरले. लख्ख उजेड पडला. चंदरीने लाथ झाडली, चरवी कलंडली, आणि ती जी बिथरली ती पान्हा सोडेचना. ठकूबाईंनी किती गोंजारलं, पण थेंब नाही. शेवटच्या संध्याकाळची धार माझ्यामुळे गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ठकूबाई उठल्या, हात पुसले. "पान्हा चोरला तिनं. जाऊ द्या. सकाळची धार हाय अजून." कलंडलेली चरवी उचलत म्हणाल्या, "सकाळी न्हाई जमलं तर मग न्हाईच."

रात्री चुलीपाशी नाचणीची भाकरी खाताना मी त्यांना माझी अडचण सांगितली. अंधारात मोबाईलला तीन सेकंद लागतात आणि तेवढा वेळ कुणी हलता कामा नये. माणसाला सांगता येतं, म्हशीला कोण सांगणार?

"अवं, लई सोपं हाय," त्या म्हणाल्या. "कासंला हात लावला की आधी चुळबुळ करती. पान्हा उतरला की मग दगडावानी उभी. चरवी भरंपत्तूर कान बी हालवत न्हाई. तवा घ्या."

"आणि उजेड?"

"माझा चार्जिंगचा दिवा हाय की. त्याची सवं हाय तिला. तुमच्या त्या इजंची न्हाई."

महिनाभर मी जे धुंडाळत होते ते या बाईने भाकरी थापता थापता सांगितलं. झोपताना मोबाईल गोधडीत घेतला. थंडीत बॅटरी भराभर उतरते, हे लक्षात ठेवा. रात्रभर धाकधूक होती. तारे टिपायचं डोक्यातूनच गेलं.

पाचला उठलो. ठकूबाईंचा दिवा मी कोनाड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे उजेड सारवलेल्या भिंतीवर आपटून मऊ होऊन आला. सोबत आणलेल्या ट्रायपॉडचे तीन पाय बघून चंदरी फुरफुरली, म्हणून तो बाहेर. शेणाची पाटी उपडी घातली, वर सुधीरचा पंचा आणि त्यावर मोबाईल. फोकस कुठे धरायचा? सगळंच काळं. मग कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि जमलं. फ्लॅश तीनदा तपासला, चौथ्यांदा सुधीरने.

ठकूबाई बसल्या. चंदरीने पाय बदलले, शेपूट मारली. मी थांबले. मग चरवीत पहिली धार वाजली आणि म्हस खरंच थिजल्यागत उभी राहिली. चार फोटो काढले. म्हस स्पष्ट, ठकूबाईंचा चेहरा स्पष्ट, दुधाची धार पांढऱ्या दोऱ्यासारखी. मला नाचावंसं वाटत होतं. धार संपली, ठकूबाई उठून पुढे आल्या आणि तिच्या कपाळावरून हात फिरवायला लागल्या. तेवढ्यात मी पाचवा घेतला.

मी त्यांना पाचही दाखवले. "अगं बया, म्या एवढी म्हातारी?" म्हणून त्या खो खो हसल्या. मग सखूने नवं दावं आणलं. जनावर दिलं तरी जुनं दावं द्यायचं नाही, ते घरीच ठेवायचं, अशी रीत आहे. ठकूबाईंनी जुनं दावं सोडून खुंटीला अडकवलं. सखू चंदरीला घेऊन निघाली. ठकूबाई दारापर्यंत आल्या नाहीत, गोठ्यातच बसून राहिल्या. सुधीरने न विचारता चुलीवर त्या शेवटच्या दुधाचा चहा केला. धुरकट झाला होता, पण तिघांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

पुण्यात आल्यावर मी फोटो निवडायला बसले. पाचवा मोठा करून पाहिला. म्हस नीट, चेहरा नीट, पण हाताच्या जागी नुसता फरकाटा. वाया गेलेला फोटो, म्हणून पुसून टाकला. बाकीच्यांतला सगळ्यात उत्तम मोठा छापून, चौकटीत बसवून सखूच्या नवऱ्याकडे पाठवला, तो भोरला कामाला जातो. सोसायटीच्या ग्रुपवर बढाईसुद्धा मारली, कशाला खोटं बोलू?

चार दिवसांनी ठकूबाईंचा फोन आला. त्या आता खाली राहायला आल्या होत्या. "बाई, फोटू लई ग्वाड हाय. भितीला लावलाय. पर ह्यात म्या कामात हाय. त्यो दुसरा कुठं गेला? तिच्या म्होरं हुबी हाय त्यो?"

तो तर मी पुसला होता. फोन ठेवून मोबाईलचा ट्रॅश उघडला. पुसलेलं तिथे काही दिवस राहतं, मग कायमचं जातं. स्क्रीनवर बोट सरकवताना सुधीर खांद्यावरून बघत होता आणि एकदाही टोमणा मारला नाही. सापडला! तसाच, फरकाट्यासकट.

या सहलीत मी अंधाराबद्दल पुष्कळ शिकले. लेन्स पुसा, फ्लॅश बंद करा, उजेड भिंतीवर टाका, घाई करू नका. ते सगळं तुम्हाला वर सांगितलंच आहे. पण कुठला फोटो चांगला, हे ठरवायची माझी घाई मलाच बोचली. मी तो छापला आणि सोबत चिठ्ठी लिहिली, सखू वाचून दाखवेल अशी: माफ करा, यात तुमचा हात नीट आला नाही.

फोटो पोचला त्या संध्याकाळी फोन वाजला. मागे सखू हसत होती, आणि ठकूबाई नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, हात न्हाई आला म्हणून वाईट वाटून घिऊ नका. त्यो थांबतच नव्हता, तर येईल कसा?"