बंदूक भरलेलीच समजावी

पिकं खाणारे रोही, म्हणजे नीलगायी, मारायचा परवाना ज्यांना मिळतो, त्या आम्हा प्रकाशा गावच्या शेतकऱ्यांना आप्पा शिकारीची शिस्त शिकवतो. शिकवताना बंदुकीऐवजी उसाचं कांडं धरतो आणि त्याचंही तोंड कुणाकडे करत नाही. चहा पितानाही कांडं जमिनीकडेच रोखलेलं. "रिकामी बंदूकबी भरेलच समजानी," हे त्याचं पालुपद. गाभण मादीला मारणं महापाप, हा आवडता धडा. मादीला शिंगं नसतात, हेही त्यानंच शिकवलं.

परवा माझ्या हरभऱ्यात रोही शिरला, म्हणून मी त्याला बोलावून आणलं. बांधावर बसून त्यानं दुर्बीण लावली. रोह्यामागे घर नाही, माणूस नाही, गुरं नाहीत, याची खात्री केली. मग वारा पाहिला. रोही निवांत चरत होता. अखेर आप्पानं दुर्बीण उतरवली.

"गाभन शे, भाऊ."

"आप्पा, त्याले शिंगं शेतस."

त्यानं पुन्हा दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं.

"मंग तू मार," तो शांतपणे म्हणाला.

मी बंदूक उचलली. ती मी घरूनच रिकामी आणली होती. तरीही भरलेली समजून, तोंड जमिनीकडे करून, जपून खाली ठेवली.