शेकाट्यांची राखण

मे महिन्यात भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्याचं पाणी मागं सरकलं, की कर्जतकडचे शेतकरी तळातला गाळ ट्रॅक्टरनं शेतात नेतात. मी तिथं सकाळी पाणपक्षी बघायला जायचो. तिथंच ती बाई दिसली. पन्नाशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली, हातात काठी. ट्रॅक्टरच्या वाटेवरच शेकाट्या या पाणपक्ष्यांच्या जोडीनं अंडी घातली होती आणि ही थोडी लांब बसून राखण करत होती. ट्रॅक्टर आला, की काठी आडवी धरून उभी राहायची. तिच्या शेताचा गाळही वळसा घालूनच जायचा.

"मावशी, सरा की!" एक ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "लई लांबनं जावं लागतंय."

"जा लांबनं. ती पाखरं कवाची वरडत्यात. इंजिनात तुला ऐकू येत न्हाई, म्हनून मी वरडाया बसलेय."

एका सकाळी पोचलो, तर सगळे ट्रॅक्टर बंद उभे. लांब गुलाबी पायांच्या शेकाट्यांची जोडी पुढं आणि मागून कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं पाण्याकडं निघालेली. शेवटचं पिल्लू चिखलात रुतलं. बाईनं पदर तोंडाशी धरला. पिल्लू धडपडलं, सुटलं, पाण्यात शिरलं.

"गेली! समदी गेली!" तिनं दोन्ही हात वर केले.

त्याच ड्रायव्हरनं जोरात शिट्टी मारली. माझी दुर्बीण पाखरांवरून वळून तिच्या तोंडावर थांबली. कुस्ती मारल्यागत ती चिखलातून वर चढत होती.

"बारशाला या रं समदी!" ती ओरडली, आणि ताठ मानेनं गावाकडं चालू लागली.