लाल रेघेपर्यंत पाणी

आमच्या धक्क्याजवळ सरकारने खांब रोवला, तेव्हापासून खाडी आपल्या हाताखाली नोकरीला आहे असं बाबांना वाटायला लागलं. खांबावर फुटांचे आकडे, वर एक लाल रेघ. पाणी रेघेला लागलं की मोठी होडी थेट धक्क्याला येणार, त्याआधी नाही. बाबा निवृत्त शाळामास्तर. रोज सकाळी फळ्यावर 'जनतेच्या माहितीसाठी' भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत आणि पाणी रेघेला लागलं की पांढरा बावटा चढवीत. तो बघून पलीकडची माणसं होडी सोडीत. घरात मालवणी बोलणारे बाबा फळ्यापाशी गेले की पुस्तकातली मराठी काढत. "पाणी समाधानकारक आहे," असं मासे विकणाऱ्या बायकांना सांगत. त्या पदर तोंडाला लावून हसत.

थोरल्या काकांचं शास्त्र वेगळं. खाडीत उभा आहे तो राखणदार, मग सरकारने का रोवलेला असेना. त्याला विचारल्याशिवाय शुभकार्य करायचं नाही.

माझं लग्न ठरलं मिरगाच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्तावर. दाखवून दाखवून मी विटले होते, आणि हा नवरा मला आवडला होता, स्पष्टच सांगते. त्याची गोदीतली रजा संपत आलेली. त्याच्या घरी दुसऱ्या एका स्थळाची कुजबुजही चालू होती. मुहूर्त चुकला असता तर तो मुंबईला गेला असता आणि मी बसले असते काजू सोलत.

लग्नादिवशी सकाळी ओहोटी असताना काका चिखलात उतरले. खांबापुढे नारळ फोडला, आकड्यांवर हार घातला आणि हात पोचेल तिथपर्यंत शेंदूर फासला. चिखलात उभ्या माणसाचा हात रेघेच्या किती खाली राहतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "बा राखणदारा म्हाराजा, आज आमच्या चेडवाचा लगीन आसा. नवऱ्याक वेळेर घेवन ये रे म्हाराजा." मागची मंडळी "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि चहाला घरी आली.

त्यात अष्टमी, म्हणजे भांगाची भरती, पाणी चढवायला मुलखाची आळशी. बाबा लग्नाच्या माटवातून चष्मा पुसून पुसून खांबाकडे बघत होते. पाणी लालाला टेकलेलं दिसलं, तसा त्यांनी बावटा चढवला. मी आत गौरीहरापुढे बसले होते. खाडीवरून वाजंत्री ऐकू आली नि माझा जीव भांड्यात पडला. मग वाजंत्री मध्येच थांबली.

गौरीहरापुढून नवरीने उठायचं नसतं. मी उठले. खिडकीतून बघते तर धक्क्याला पोचायच्या आधीच होडी रुतलेली आणि वऱ्हाड उन्हात छत्र्या उघडून बसलेलं. काका धक्क्यावरून गाऱ्हाणं घालत होते आणि होडीतले व्याही लालबुंद तोंडाने का होईना, "व्हय म्हाराजा" म्हणत होते. गाऱ्हाण्याला नाही कोण म्हणणार? भरती येणार होती, पण मुहूर्त तिच्यासाठी थांबणार नव्हता. पाणी टेकलं ते रेघेला नव्हे, शेंदराला, हे बाबांना आत्ता कुठे दिसलं होतं. ते बावट्याची दोरी हातात धरून नुसते उभे. मी खांबाच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि रडायला बसले.

एवढ्यात गलका झाला म्हणून पुन्हा बघितलं. नवरा उठला होता. "खंय चललंस रे?" असं त्याचे वडील विचारेपर्यंत तो मांडीभर चिखलात उतरलासुद्धा. मुंडावळ्या दातांत, धोतर मुठीत. एक पाय उपसायचा, दुसरा रुतवायचा. एक वहाण खाडीने ठेवून घेतली.

वराचे पाय धुण्याचा मान वधूपित्याचा. ताम्हणाने काय होणार, विहिरीवरून कळश्या आणाव्या लागल्या. बाबा खाली बसून चिखल धूत होते, तेवढ्यात बायकांतून कोणीतरी विचारलं, "मास्तर, पाणी समाधानकारक आसा मा?" सगळा माटव हसला. बाबांनी मान वर केली नाही. फळ्यावरची मराठी पार विसरून जावयाच्या पायांना सांगितल्यासारखं म्हणाले, "पाणी कमी होता. तरी तुमी इलात."

"बावटो तुमी चढयलो," नवरा म्हणाला, "मगे मी कसो थांबतलंय?"

बाबांनी त्याचे पाय उगाच पुन्हा एकदा धुतले.

मुहूर्त गाठला. अंतरपाट धरला तेव्हा पलीकडचं मला काहीच दिसत नव्हतं, फक्त खाली त्याचे पाय. एवढं धुऊनही नखांत चिखल होताच. मला ते पाय फार आवडले.