माधवदादा आणि केंटकीचा डॅनियल

विमान उतरल्याचं बोर्डावर आलं आणि त्याच मिनिटाला माझा मोबाईल वाजला. डब्लिन एअरपोर्टच्या अरायव्हल्सला मी उभी होते, हातात मावशीसाठी आणलेला जाड कोट, आणि स्क्रीनवर कॅथलीनचं नाव. कॅथलीन म्हणजे माधवदादाची घरमालकीण, पोर्टलीशची, ऐंशीला टेकलेली. ती स्वतःहून मोबाईलवर कधीच फोन करत नाही, तिच्या मते मोबाईल वाजला की माणूस दचकतो. "पेट," ती म्हणाली, म्हणजे इथलं लाडाचं 'बाळा', आणि मग नुसता हॉस्पिटलच्या कॉरिडॉरचा आवाज. मग म्हणाली, "आत्ताच गेला गं. मी हात धरून होते." समोरचं काचेचं दार उघडत होतं, मिटत होतं, लोक मिठ्या मारत होते, कुणाच्या तरी पोरांनी वेलकमचा फलक धरला होता. आणि त्या दारातून आता कुठल्याही क्षणी सुनंदामावशी बाहेर येणार होती. नागपूरहून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, एकुलत्या एका मुलाला भेटायला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मी हे भराभर टाइप करतेय कारण थांबले की संपलंच सगळं, मग मी नुसती बसून राहते. दादाबद्दल सांगायचंय मला, कुणालाही, सगळ्यांना! तो माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा, आयटीच्या बूममध्ये इथे आलेला डेटाबेसवाला. मी पुण्याहून टेस्टिंगच्या नोकरीवर आले ती त्याच्याच जिवावर. मी डब्लिनजवळ डून लेरीला राहते, तो पोर्टलीशच्या बाहेर कॅथलीनच्या घरी वरच्या खोलीत. डब्लिनचं भाडं परवडत नाही म्हणून तो तिकडे गेला आणि मग तिकडचाच झाला. कपाटाला 'प्रेस' म्हणायला लागला, कशालाही 'ग्रँड' म्हणायला लागला. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी लिमरिकची बस पकडून त्यांच्याकडे जायचे. घर हमरस्त्याला लागूनच, ड्रायव्हर बरोबर समोर सोडायचा.

तर डॅनियल. एकदा चहा पिताना कॅथलीनने सांगितलं की तिच्या पणजोबांच्या आजोबांचा एक भाऊ अमेरिकेला गेला, केंटकीला. तेव्हा केंटकी म्हणजे वस्तीची हद्द, पुढे नुसतं जंगल. गेला तो गेलाच, अक्षर नाही की निरोप नाही. त्याची आई रोज रस्त्यावर जाऊन उभी राहायची. अमेरिकेहून कुणीही परत आलं की त्याला गाठून विचारायची, "आमचा डॅनियल दिसला का हो?" कॅथलीन म्हणाली, "जणू काही अमेरिका म्हणजे पोर्टलीशचा बाजार!" ती म्हातारी मरेपर्यंत विचारत राहिली म्हणे. घरात ही गोष्ट आजीकडून नातीकडे येत गेली आणि शेवटी कॅथलीनपाशी येऊन थांबली, कारण तिच्यापुढे कुणी नाही. लग्न केलं नाही तिने. दादाने कप खाली ठेवला. "शोधू या ना मग," तो म्हणाला. "रेकॉर्ड असणार. डेटा कुठे जातो?"

तेव्हा तो बरा होता. गंमत म्हणून सुरू झालं होतं ते. मग 2005च्या पावसाळी उन्हाळ्यात तो दमायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि टेस्ट झाल्या... रक्ताचा कॅन्सर. आणि त्याने काय केलं असेल? पहिल्या केमोहून आला आणि लॅपटॉप उघडला! मी चिडले तर म्हणाला, "मग काय करू, छताकडे बघत पडू?" मी शुक्रवारी गेले की तो पलंगावरून वाचून दाखवायचा, मी टाइप करायचे, कॅथलीन चष्मा लावून बाजूला. त्या काळच्या जनगणनेत फक्त घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव असायचं. बाकी सगळे आकडे. दहा वर्षांखालचे मुलगे इतके, बायका इतक्या. "ही बघ," दादा एका आकड्यावर बोट ठेवून म्हणायचा, "हिने जंगलात सात पोरं काढली असतील, आणि हिचं नाव काय? एक!" इंटरनेटवर पूर्वज शोधणाऱ्यांच्या मेसेज बोर्डांवर आम्ही कुणाकुणाला लिहायचो. केंटकीतली एक रिटायर्ड बाई होती, ती अनोळखी माणसांसाठी कोर्टात जाऊन जुनी पानं वाचून यायची. म्हणजे आहेत असे लोक!

आणि मग एका शुक्रवारी मी दारात पाय ठेवते न ठेवते तोच हा वरून ओरडला, "मिळाला! डॅनियल पी.! बापाचं नाव पॅट्रिक होतं की नाही? मधे पी! मॅच!" मीही उड्या मारल्या. मधलं नाव बापाचं, यात शंका कसली? आम्ही दोघंही आयुष्यभर तेच लिहीत आलोय. अख्खा हिवाळा आम्ही त्या डॅनियल पी.च्या मागे होतो. त्याची पिठाची चक्की, त्याचे घोडे, त्याचे मुलगे, सगळं भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्यांनी चिकटवलं. वसंत लागता लागता केंटकीच्या बाईचं उत्तर आलं. पी म्हणजे पेरी, ते त्याच्या आईचं माहेरचं आडनाव, आणि हे कुटुंब मूळचं स्कॉटलंडचं. मी वाचून दाखवलं तशी कॅथलीनने चष्मा काढला.

"मधलं नाव बापाचं असतं असं कोण म्हणालं तुम्हाला?"

"सगळ्यांचंच असतं!" दादा म्हणाला.

"माझं मधलं नाव फिलोमिना आहे. माझ्या बापाला काय फिलोमिना म्हणायचे?"

हसून हसून मेलो आम्ही. तिने शेजाऱ्यांनाही सांगितलं, युअर मॅन, म्हणजे आपला तो गडी, वरच्या खोलीत बसून माझ्या बापाला फिलोमिना करतोय! पण ती खाली गेल्यावर दादा भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला लागला. डोक्यावर केस नाहीत, हात काडीसारखे. "अख्खा हिवाळा गेला यार," तो म्हणाला. "माझ्याकडे आहेत का असे फेकायला?" मी त्या चिठ्ठ्या गोळा करत राहिले.

आणि या सगळ्यात मावशीला काहीही माहीत नव्हतं! दर रविवारी तो नागपूरला फोन लावायचा. फोनआधी गरम पाणी पिऊन आवाज साफ करायचा. एकदा मी होते तिथे, स्पीकरवर ऐकलं.

"काय करून राहिला बे?"

"काही नाही गं, जेवलो आत्ताच. ग्रँड आहे मी."

"ग्रँड म्हणजे काय बे?"

"मस्त म्हणजे."

"मग आवाज काहून बसला?"

"थंडी आहे गं आई इकडे."

"दिवाळीले नाही आला, आता उन्हाळ्यात तरी येशील? का तुझा प्रोजेक्ट तेव्हाही राहते?"

"येतो ना," म्हणाला हा! फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून बसला. मी हात जोडले अक्षरशः. दादा, सांग ना तिला, प्लीज. तर म्हणाला, बाबांच्या वेळी तिने एकटीने हॉस्पिटल केलं, व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपायची, पुन्हा तेच द्यायचं का तिला? "बरा झालो की सांगेन. जोक म्हणून सांगेन." मी विचारलं, आणि नाही झालास तर? त्याने उशी फेकून मारली. "बावळट, टाइप कर."

खरा डॅनियल सापडला तो कॅथलीनमुळे. ती म्हणाली, तुम्ही तुमचे नियम लावताय, आमचा लावा. आमच्यात थोरल्या मुलाला नवऱ्याच्या बापाचं नाव ठेवतात, माणूस कुठेही जाऊ दे. म्हणजे ज्या डॅनियलचा थोरला पॅट्रिक आहे, तो बघा. दादाने कराच्या याद्या घेतल्या, त्या दरवर्षीच्या असतात, गावातल्या प्रत्येक कर्त्या माणसाचं नाव. ताप असला तरी बघत बसायचा. उन्हाळ्यात एका खेड्याच्या यादीत सापडला एक डॅनियल, आणि काही वर्षांनी त्याच्याखाली वयात आलेला पॅट्रिक. केंटकीची बाई तिथल्या जुन्या चर्चमध्ये जाऊन आली. पोराच्या बाप्तिस्म्याला पाद्र्याने बापापुढे लिहून ठेवलं होतं, 'क्वीन्स काउंटी, आयर्लंड'. इंग्रजांच्या वेळी पोर्टलीशच्या या भागाला तेच नाव होतं! मी किंचाळलेच. कॅथलीनने छातीवर क्रूस केला आणि खुर्चीत बसली. "होता तर," एवढंच म्हणाली.

"आता कधी वारला ते बघू," दादा म्हणाला आणि एकेक वर्ष पुढे जायला लागला. डॅनियल, एक घोडा. डॅनियल, दोन घोडे. डॅनियल. डॅनियल. आणि पुढच्या वर्षी डॅनियल नाही. त्याच जागी, त्याच जमिनीपुढे, 'ऑनोरा, विधवा'. जनगणनेत जी इतकी वर्षं नुसता आकडा होती, तिला नाव मिळालं ते असं. दादा बघतच राहिला. "म्हणजे तो गेला हे कुठे लिहिलेलंच नाही," तो हळू म्हणाला. "बायको यादीत दिसली, म्हणून आपल्याला कळलं. इतक्या वर्षांनी. आपल्याला!"

मग कॅथलीन म्हणाली, "आणि इकडे ती रस्त्यावर उभी होती." ती उठली, दाराशी गेली, तिथून वळली. "तिला वाचता येत नव्हतं, माधव. त्यालाही लिहिता येत नसेल कदाचित. त्यांची काही चूक नाही. पण तुझ्याकडे फोन आहे, बाळा."

मला वाटलं हा चिडणार. तो चिडला नाही. यादीकडे बघत बसला, आणि मग रविवार नसताना, पाणीबिणी न पिता, त्याने नंबर लावला. "आई, बसली आहेस का?" एवढं मी ऐकलं आणि खाली पळाले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या होतो. वरून आवाज येत नव्हता. मग बऱ्याच वेळाने त्याचं रडणं आलं, लहान पोराचं असतं तसं मोठ्याने, आणि कॅथलीनने माझा हात इतका घट्ट धरला की दुखला.

त्यानंतर पळापळ, नुसती पळापळ. मावशीचा पासपोर्ट, व्हिसाचे कागद दिल्लीला, डॉक्टरांचं पत्र, कॅथलीनचं पत्र की ही बाई माझ्या घरी राहील. इकडे औषधं लागू पडायची थांबली. भारतात न्यायचं तर प्रवास झेपणार नाही म्हणाले. त्याला हॉस्पिटलात हलवलं आणि तो रोज एकच विचारायचा, "आला का व्हिसा?" डॅनियलचं नावही काढत नव्हता. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. व्हिसा आला, तिकीट काढलं, आणि मी नाचले तिथल्या तिथे. मला खरंच वाटलं की जमलं! कॅथलीनने नंतर सांगितलं की शेवटी त्याला बोलता येत नव्हतं, डोळे दाराकडे. तिने घड्याळ बघून त्याच्या कानाशी सांगितलं, "विमान आयर्लंडवर आलं बघ." त्याने ऐकलं असेल... असेलच.

मावशी बाहेर आली. नऊवारी नाही की काही नाही, साधी सुती साडी, खाली नवे कोरे स्पोर्ट्स शूज, ट्रॉलीवर सुतळीने बांधलेला खोका. मला बघून हसली, हात हलवला. मी पाठ केलेलं वाक्य तोंडात आणलं. ती जवळ आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हसणं गेलं. "नको सांगू," ती म्हणाली. "इथं नको सांगू. त्याच्यापाशी घेऊन चल, तिथं सांग." अख्खा रस्ता ती टॅक्सीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मी कोट तिच्या मांडीवर ठेवला, तो तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.

इथे माणूस गेला की त्याला घरी आणून बाहेरच्या खोलीत ठेवतात, आणि ओळखीपाळखीचे सगळे येऊन जातात. कॅथलीनने दादाला घरी आणलं. कुणाला विचारलं नाही. बेकरीवाला, पोस्टमन, शेजारची म्हातारी माणसं, त्याच्या ऑफिसातली मुलं रांगेने यायची, मावशीचा हात हातात घ्यायची आणि तेच एक वाक्य बोलायची, 'सॉरी फॉर युअर ट्रबल'. मावशीने मला विचारलं, "हे सगळे काय म्हणून राहिले?" मी म्हटलं, तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं म्हणतात. ती त्याच्याकडे बघत राहिली. "त्रास काहीच नाही दिला गं त्याने," ती म्हणाली. "द्यायला पाहिजे होता."

मग डब्लिनला नेऊन अग्नी दिला. मला वाटलं ती लगेच परत जाईल. ती नाही गेली. म्हणाली, मला सगळं दाखव. तो कुठे बसायचा, कुठून दूध आणायचा, हॉस्पिटलात कुठला पलंग. नर्सला तिने खुणेने विचारलं, तो काय खायचा. ती आणि कॅथलीन दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, तरी दिवसभर बोलत असतात, एक वऱ्हाडीत, एक इंग्रजीत!

काल शुक्रवार. सवयीने बस पकडली, सवयीने उतरले. वर गेले तर मावशी त्याच्या पलंगावर आडवी, उजवी कूस करून, त्याच्या उशीवर. तो पलंग त्याने शेवटच्या महिन्यांत ओढून तिरका करून ठेवला होता, खोलीत शिरताना गुडघ्याला लागायचा. कॅथलीनला वाटायचं उजेडासाठी केलं, मला वाटायचं रेडिएटरच्या उबेसाठी. "ये," मावशी म्हणाली, "इथं डोकं ठेव माझ्याजवळ." ठेवलं. खिडकीतून कुंपणाच्या झाडांची एक फट दिसते, आणि त्या फटीतून हमरस्त्याचा फक्त एवढासा तुकडा, जिथे बस थांबते.

"तू उतरली," ती म्हणाली, "पिशवी खांद्याला लावली, दोन्हीकडे पाहिलं, रस्ता ओलांडला. सगळं दिसलं मला."

पलंग तिरका केला होता तो यासाठी. खाली केटलचा आवाज येत होता. आम्ही दोघी तशाच एका उशीवर पडून राहिलो, आणि थोड्या वेळाने फटीतून पुढची बस आली, थांबली, कुणीच उतरलं नाही, आणि गेली.