काकांच्या नावाची घागर

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. काकांची घागर मात्र आमच्या घरात कधी भरली नव्हती. इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत ते एका सकाळी शहाद्याकडे निघून गेले, ते गेलेच. मेले म्हणावं, तर कुणी पाहिलेलं नाही. काकू कुंकू लावत राहिली.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होऊन गेल्यावर भाऊबंदांनी हट्टच धरला, यंदा घागर भरायची. म्हणजे काकूचं कुंकू पुसायचं. कसली घाई झाली होती मेल्यांना! काकू कुणाशी भांडली नाही. मी धुळ्याला बी.ए. करत होतो. मला म्हणाली, "भाऊ, तुन्हा कॉलेजना बुकमा देख. मरेल लोकेसमा त्यासनं नाव व्हई, तं मीच कुंकू पुससू."

सुटीत कॉलेजच्या वाचनालयातून एकच पुस्तक घरी न्यायला मिळे. एका हातात समाजकल्याणाच्या धोरणावरचा ग्रंथ. परीक्षेला तोच होता. दुसऱ्या हातात काका गेले त्या चळवळीचा इतिहास, आमच्या भागात मेलेल्यांच्या नावांसकट. धोरणाच्या पुस्तकात विधवांवर अख्खं प्रकरण होतं. पण नवरा आहे की गेला हेच ठाऊक नसलेल्या बाईबद्दल, शप्पथ सांगतो, एक ओळ नव्हती. असा राग आला, की ते तिथंच टेबलावर आपटलं. ग्रंथपाल ओरडले, "अहो, नापास व्हायचंय का?" म्हटलं, होऊ दे.

घरी काकू ओट्यावर माझ्यासमोर बसली. मी सगळी नावं सावकाश वाचली. काका त्यात नव्हते. लिहिणाऱ्याला आमच्या गावाचा पत्ताच नसणार, हे मला कळत होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठलीच.

"मंग ते जित्ता शेतस!"

जिवंत आहेत म्हणताना काय तो चेहरा! इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. तिनं भाऊबंदांसमोर ते पुस्तक नाचवलं. छापलेल्या पुस्तकापुढे कोण बोलणार? घागर भरायची राहिली.

त्या दिवसापासून काकू संध्याकाळी एक भाकरी जास्त टाकू लागली. सकाळी ती शिळी भाकरी स्वतःच चहात बुडवून खायची. मला ते बघवत नसे.

काही वर्षांनी ती गेली. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेली. पुढच्या आखाजीला आईनं तिच्यासाठी घागर आणायला सांगितलं. कुंभाराकडून मी दोन आणल्या.