सुभेदारांचा नंबर

ती घटना आजही आठवली की छातीत धडधडायला लागतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवरचे अपघात तर रोजचेच. पण ज्या प्रकरणात ना रक्त सांडलं ना चोरी झाली, त्यानंच मला सगळ्यात जास्त घाम फोडला. नावं सांगत नाही. ती माणसं अजून त्याच वाडीत राहतात.

निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. खंडाळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून चहाचा कप हातात घेतला, तोच ठाणे अंमलदारानं एका माणसाला आत आणलं. शिरवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, डोळे जागरणानं लाल.

"साहेब, आई साताऱ्याला दवाखान्यात हाय. काळजाचे ठोके लय मंद पडल्यात. मशीन बसवायचंय, आन कार्डच निघंना."

कार्ड म्हणजे सत्तरीपुढच्या लोकांना मोफत उपचार मिळतात ते सरकारी विम्याचं. आजी कधी आजारीच पडल्या नव्हत्या, त्यामुळे घरात कुणी ते काढलं नव्हतं. घोडं अडलं होतं ओळख पटवण्यात. आयुष्यभर उसाच्या पाचटात आणि चुलीच्या राखेत राबून आजींच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे चेहराही जुळेना. राहिला एकच मार्ग, आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी. आणि तो मोबाईल बंद होता.

"नंबर कुणाचा आहे?"

"आमच्या वाडीतल्या सुभेदारांचा. घराला कुलूप हाय, माणूस गायब. आमी त्येंना देव मानलं वो साहेब!"

डॉक्टरांनी तात्पुरती तार घालून ठोके धरून ठेवले होते. तशी फार वेळ ठेवता येत नाही, असंही त्यांनी सांगितलं होतं. मशीनचे पैसे रोख भरणं या माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. तक्रार काय लिहावी हे मलाच कळेना. मी त्याला तोंडी आश्वासन दिलं आणि साताऱ्याला पिटाळलं.

तो गेला आणि ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "त्या सुभेदारानं समद्या म्हाताऱ्यांचे आधार सोताच्या फोनला जोडल्यात. पेन्शनी खाल्ल्या आन पळाला." एवढं बोलून फोन ठेवला. निनावी खबरीत निम्मं खरं असतं, हा माझा अनुभव. पण ते निम्मं कुठलं हे शोधेपर्यंत भल्या माणसाची अब्रू जाते.

निम्मं खरंच निघालं. अर्ध्या वाडीच्या आधारला तोच एक नंबर होता. कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. काही वर्षांपूर्वी देवळात आधारचा कॅम्प लागला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांकडे कुठले आलेत मोबाईल? ऑपरेटर विचारायचा, नंबर कुणाचा टाकू? प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं, "सुभेदारांचा टाक की रं." लष्करातून सुभेदार होऊन आलेला माणूस. सरळ, शिस्तीचा, कुणाचा अर्ज असो की दाखला, फुकटात धावणारा. लेकाचा नंबर बदलतो, जावयाचा भरवसा नाही, पण सुभेदार कुठं जातोय? आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवर पलटणीतून आलेल्या माणसावर असा डोळे झाकून विश्वास टाकतात.

बातमी पसरली आणि दुपारच्या आत ठाण्याच्या आवारात धोतर-लुगड्यांची गर्दी झाली. "आमचं निराधारचं पैसं गेलं का वो?" एकेकाची पाचावर धारण बसलेली. बँकेत चौकशी केली, तर कुणाचा रुपयाही हललेला नव्हता. मोबाईलचं शेवटचं लोकेशन वाडीतलंच होतं. माणूस पळाला आणि फोन वाडीतच बंद झाला, हे गणित मला सुटेना. पैसे खाल्ले नाहीत, तर पळाला कशाला?

शेजारणीकडून कळलं की सुभेदार पिशवी घेऊन औंधला गेलेत, यमाईला. तिकडच्या पोलिसांना कळवलं. ते देवीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसलेले सापडले. उतरायचं कुठल्या बाजूनं, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते म्हणे. तेव्हा मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

ठाण्यात आणलं तेव्हा साताऱ्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. आजींचे ठोके मधेच चुकत होते.

सुभेदार खुर्चीवर ताठ बसले. दाढी घोटलेली, मिशीला पीळ, शर्टाची बटणं मात्र एकाआड एक चुकलेली. माझा उपनिरीक्षक तरुण आणि तापट. त्यानं थेट विचारलं, "फोन कुठाय?"

"सुरक्षित जागी हाय."

"कुठल्या?"

"सांगता येत न्हाई."

"म्हाताऱ्यांना फसवताना लाज वाटली नाही?"

सुभेदारांचा जबडा आवळला. मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला. थोड्या वेळानं म्हणाले, "साहेब, चहा मिळंल का?" मला वाटलं थट्टा करतात. कप उचलून नेल्यावर पुन्हा तेच, तितक्याच अदबीनं. मी उपनिरीक्षकाला बाहेर पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"सुभेदारसाहेब, तुमचा आर्मी नंबर?"

झटक्यात उभे राहून त्यांनी आख्खा नंबर खडाखडा सांगितला.

"आज जेवलात काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शर्टाचे खिसे चाचपायला लागले.

मला सगळा उलगडा झाला. हा माणूस लपवत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. 'सुरक्षित जागी' हा त्याचा शेवटचा मोर्चा होता, त्यामागं तो लाज झाकून बसला होता. मी आजींबद्दल सांगितलं. इतका वेळ कुणी त्यांना फोन कशासाठी हवा हेच सांगितलं नव्हतं.

"वैनी? दवाखान्यात?" ते मटकन खाली बसले. आजींचा नवरा त्यांचा जिवलग. दोघं एकाच दिवशी भरतीला गेले होते. हे निवडले गेले, तो छातीत कमी भरला आणि घरी येऊन शेती करत राहिला. तो गेल्यालाही बरीच वर्षं झाली होती.

"साहेब, माझं डोस्कं चालंना झालंय. कुणाच्या कामात घोटाळा नको म्हणून फोन इस्वासाच्या माणसाकडं दिलाय, एवढं ध्यानात हाय. पण कुणाकडं..." त्यांनी स्वतःच्या कपाळावर मूठ मारली. "नाव येत न्हाई वो."

असा अगतिक माणूस मी कोठडीतही पाहिला नाही.

मी आजींच्या मुलाला फोन लावला. "सुभेदारांचा वाडीत सगळ्यात जास्त विश्वास कुणावर?"

"आमच्या आईवरच. रोज सांजच्याला आमच्या घराच्या पुढल्या सोप्यात बसत्यात."

"मग आईला विचारलंस का फोनबद्दल?"

"न्हाई साहेब. कार्डाचं तिला काय सांगितलंच न्हाई. डॉक्टर म्हणलं, ताण देऊ नका."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिच्या जिवाचा प्रश्न, तिला सोडून आम्ही सगळ्या मुलखाला विचारत होतो. उपनिरीक्षकाला वाडीत धाडलं, सुभेदारांना गाडीत घातलं आणि साताऱ्याची वाट धरली. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला, रांग लागलेली. सायरन वाजवूनही पुढं जायला जागा नाही. मागच्या सीटवर सुभेदार मधून मधून विचारत होते, "आपण कुठं चाललोय साहेब?" मी सांगायचो. ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर दर वेळी तोच नवा धक्का उमटायचा. तो बघवत नव्हता.

आजी खाटेवर एवढ्याशा दिसत होत्या. मी वाकून विचारलं, सुभेदारांचा फोन तुमच्याकडे आहे का?

"मला काय म्हाईत न्हाई," मास्कच्या आडून आजी म्हणाल्या.

"आये, सांग की! तुझ्याच जिवाचं हाय," मुलगा रडकुंडीला आला. आजींनी मान फिरवली. पण फिरवताना त्यांची नजर दारात उभ्या सुभेदारांवर गेली, आणि ती नजर मी पकडली. खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. ती स्वतःला वाचवायला बघतात. या बाईला दुसऱ्याला वाचवायचं होतं. मी मुलाला बाहेर काढलं आणि सुभेदारांना पुढं घेतलं.

ते खाटेशी उभे राहिले. म्हणाले, "वैनी, माझं डोस्कं गेलंय. मला काय ऱ्हात न्हाई ध्यानात. म्या साहेबांस्नी सांगितलंय."

आजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तुमीच सांगितलंत न्हवं? मग आता डोस्क्याचं कुणाला सांगायचं न्हाई ही माझ्यावरची आण सुटली. ज्वारीच्या डब्यात हाय. तळाला, फडक्यात."

वाडीत उपनिरीक्षकानं डबा पालथा केला, फोन सापडला. पण तो मेलेला. शेजारच्या घरात चार्जिंगला लावला. सुरू झाला, तर पासवर्ड मागायला लागला. उपनिरीक्षक फोनवरून ओरडून विचारतोय, सुभेदार भिंतीकडे बघतायत, आणि खाटेशेजारचं मशीन टीं टीं करतंय. मग एकदम सुचलं. मी दोन पावलं मागं सरलो आणि परेडच्या आवाजात म्हणालो, "सुभेदार! नंबर बोलो!"

ते ताठ झाले आणि बोलले. शेवटचे आकडे टाकताच फोन उघडला.

वाडीत त्या फोनला रेंज मिळेना, तेव्हा उपनिरीक्षक पाण्याच्या टाकीवर चढला. पहिला ओटीपी पोचेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा त्यानं एकेक आकडा सुटा करून सांगितला आणि दवाखान्यातल्या कार्डाच्या खिडकीवरच्या मुलीनं टाइप केला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. ती हसली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

आजींना मशीन बसलं. गुन्हा घडलाच नव्हता, तेव्हा दाखल काय करणार? स्टेशन डायरीत 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिलं आणि विषय संपवला. निनावी खबर देणारा कोण ते मला नंतर कळलं. अर्ज भरायचे पैसे घेणारा एक जण होता, त्याचा धंदा सुभेदारांमुळे चालत नव्हता. त्याला ठाण्यात बोलावून असा काही चहा पाजला की पुन्हा तो फोनच्या वाटेला गेला नसेल.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. ताण नको म्हणून आपण म्हाताऱ्या माणसांना काही सांगत नाही, आणि लाज वाटते म्हणून ती आपल्याला काही सांगत नाहीत. दोन्हीकडून माया असते, आणि मधल्या मधे एखाद्याचा जीव जायची वेळ येते. निवृत्तीनंतर माझ्या आईचं कार्ड काढलं, तेव्हा ते कशाचं, निरोप कुणाच्या फोनवर येणार, हे सगळं तिला आधी समजावलं. तिनं इतके प्रश्न विचारले की एवढे मला कुठल्या वकिलानंही कधी विचारले नव्हते.

मधे त्या वाडीवरून जाताना उतरलो. सोप्यात आजी आणि सुभेदार चहा पीत बसलेले. सुभेदारांनी मला ओळखलं नाही. "कोण पाव्हणं?" त्यांनी आजींना विचारलं.

"आवं, आपल्या फोनचं साहेब," आजी म्हणाल्या. वाडीतल्या बाकीच्यांनी आपापल्या घरातले नंबर लावून घेतले होते. आजींच्या शेजारी मात्र तोच जुना फोन पडलेला होता, चार्जिंगला लावलेला.

"आजी, तुम्हाला वाचता येत नाही, यांना आठवत नाही. मग निरोप आला की कसं करता?"

"वाजला की ह्ये वाचत्यात, म्या ध्यानात ठेवती," त्या म्हणाल्या. "दोघांत मिळून एक माणूस हुतोय की साहेब. बसा, च्या टाकती."

त्या चहा टाकायला आत गेल्या. सुभेदार माझ्याकडे बघून हसले आणि अदबीनं म्हणाले, "कोण पाव्हणं?"